एक सेंटिमीटर जास्त

माझ्या स्टीलच्या पट्टीचं शून्य झिजलेलं आहे. आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समनचा ट्रेड शिकवण्यात माझी सारी नोकरी गेली आणि ही पट्टी पहिल्या वर्षापासून माझ्याजवळ आहे. घासून घासून टोक गोल झालंय. शून्यावर भरवसा ठेवला तर मापात फरक पडतो. म्हणून वस्तूचं एक टोक एकच्या रेघेवर ठेवायचं, दुसऱ्या टोकाला जो आकडा येईल त्यातून एक वजा करायचा. साधी गोष्ट आहे. वर्षानुवर्षं पोरांना हे मी ओरडून शिकवलं. "एक वजा करायचं विसरला तो गेला कामातून," असं म्हणून कितीकांच्या डोक्यात टपली मारली. नवी पट्टी का घेत नाही असं कोणी विचारलं की मी त्याला उडवून लावायचो. जुन्या पट्टीवर अचूक मोजतो, हा माझा तोरा होता, दुसरं काय!

रिटायर झाल्यावर मी घरात बायकोच्या मसाल्याच्या डब्यांवर सुबक अक्षरात नावं टाकायला लागलो, तेव्हा तिनंच वैतागून मला बाहेर काढलं. शेगावात माझा एक मित्र लॉज चालवतो. त्याला रेल्वेची इंजिनं बनवायचा नाद. खरी नव्हे, पुठ्ठ्याची, पण बघितलं तर वाटावं आता शिट्टी मारेल. आम्ही दोघांनी मिळून लहान प्रतिकृती करणाऱ्यांचा क्लब काढला. आज पंधराएक जण आहोत. जळगाव जामोदचा एक मोबाइल दुरुस्तीवाला ट्रॅक्टर करतो, एक हेडमास्तर कापसाची जिनिंग प्रेस करून राहिलेत, ती काही संपत नाही. दुकानात मिळणारे महागडे किट आम्ही घेत नाही. सनबोर्ड, चार्टपेपर, रिफिलच्या नळ्या, चपलेच्या रबराची चाकं, एवढ्यावर आमचं भागतं. माप मात्र सगळ्यांचं एकच. खऱ्या वस्तूचे पंचवीस सेंटिमीटर म्हणजे आमचा एक. हा नियम माझा.

नियम सगळे माझेच होते म्हणा. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी, लॉजच्या जेवणाच्या हॉलमध्ये पंगत उठली की आमची बैठक. टेबलाला वरणाचा वास असायचा, पण जागा फुकट. ज्याची वस्तू टेबलावर, त्यानं पाच मिनिटं तोंड उघडायचं नाही, बाकीच्यांनी बोलायचं. मी घड्याळ घेऊन बसायचो. कोणी मध्येच "त्याचं असं आहे का..." करून सुरू झालं, की मी टेबलावर पट्टी आपटायचो. लॉजवाला म्हणायचा, "सर, इथं काई प्रॅक्टिकलचे मार्क नाहीत, जरा हासू द्या लोकाईले." मी हसू द्यायचो, पण घड्याळ बघून.

तीन महिन्यांतून एकदा स्पर्धा. स्पर्धा म्हणजे घरगुतीच. प्रत्येक वस्तूपुढे लॉजच्या स्वयंपाकघरातली एक वाटी ठेवायची. प्रत्येकाला तुरीचे तीन दाणे. आवडलेल्या वस्तूंच्या वाट्यांत टाकायचे, एका वाटीत एकच, आपल्या वाटीत टाकायचे नाहीत. ज्याच्या वाटीत जास्त तूर, त्याची वस्तू महिनाभर लॉजच्या काउंटरवर काचेच्या पेटीत. पण त्याआधी मोजणी. मोजणी मी करायचो, म्हणून मी स्पर्धेत नसायचो. दोन मिलिमीटर इकडे-तिकडे माफ. त्यापलीकडे गेलं की वस्तू बाद आणि वाटी पालथी. पालथ्या वाटीत दाणा पडत नाही. आणि एकदा पट्टी लावली की लावली, दुसऱ्यांदा लागत नाही. हाही माझाच नियम. कशाला केला होता कोण जाणे. आयटीआयमध्ये पोरं घासाघीस करायची, ती सवय असेल.

क्लबात बाई एकच. एसटीत कंडक्टर होत्या, रिटायर झालेल्या. संग्रामपूरकडच्या एका खेड्यातून बसनं यायच्या, मांडीवर पुठ्ठ्याचं खोकं घेऊन. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणायचो. उंच आवाज, मोकळं हसणं, आणि कोणाचीही भीड नाही. सारी हयात भरल्या गाडीत "सरका, सरका पुढं" करण्यात गेलेली, त्यांना पंधरा माणसांची काय भीती! पहिल्याच बैठकीत त्यांनी आपला कार्यक्रम सांगून टाकला.

"मले दोनच वस्तू करायच्या आहेत, सर. तिसरी नाही होनार. मले काचबिंदू आहे."

अकोल्याच्या डॉक्टरकडे त्या जात होत्या. थेंब चालू होते. बाजूचं दिसणं कमी होत चाललं होतं. गेलं ते परत येत नाही, उरलेलं सांभाळायचं, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्याचा अर्थ त्यांनी स्वतःच लावला होता. हात चालतो आणि डोळा दिसतो तोवर दोन कामं उरकायची.

पहिलं काम बस. ज्या लाल गाडीवर त्यांनी वर्षानुवर्षं तिकिटं फाडली ती. गाडी भंगारात जायच्या आधी डेपोत जाऊन, मेकॅनिकला एका टोकाला उभं करून, त्यांनी स्वतः टेप लावून ती मोजून आणली होती. वहीत माप लिहिलेलं, पुढच्या दिव्यापासून मागच्या शिडीपर्यंत. आणि दुसरं काम पानठेला.

त्यांच्या नवऱ्याचा पानठेला गावाच्या फाट्यावर होता. ताईंची गाडी दिवसातून दोनदा त्या फाट्यावर थांबायची. नवरा खिडकीतून पाण्याची बाटली द्यायचा, कधी पान, कधी नुसतंच काहीतरी बोलायचा. "दोन मिनिटाचा स्टॉप होता सर. त्या दोन मिनिटात आमचा संसार झाला," असं सांगून त्या खदाखदा हसल्या होत्या. नवरा गेला. पुढे रस्ता रुंद झाला, ठेलाही गेला. "ठेल्याचा एक धड फोटो नाही. कुठी चुन्याची डबी ठेवे, कुठी आरसा टांगे, सारं माह्या डोळ्यात आहे. म्हणून डोळे जायच्या आंधी करून ठेवतो म्हटलं."

  त्या दिवशी पाच मिनिटांचा नियम मी लावला नाही.

आता मी स्वतःला चांगला म्हणवून घेत नाही, पण सरळ माणूस आहे असं मला वाटायचं. ते कसं गेलं तेच सांगायचंय.

एका बैठकीत मी स्वतः केलेली एक एसटी बस आणली होती. स्पर्धेसाठी नाही, नुसती दाखवायला. छत उचलता येईल अशी केली होती, आतल्या सीटा दिसाव्यात म्हणून. सगळे वाहवा करून राहिले होते. ताई खाली वाकल्या, अगदी नाक लागेल इतक्या जवळ, कारण त्याशिवाय त्यांना नीट दिसायचंच नाही. मग सीटांच्या मधल्या वाटेवर त्यांनी काडेपेटीची काडी आडवी धरली.

"सर, याच्यातून कंडक्टर जाईन कसा? तिकिटं काय त्यानं टपावर बसून फाडावं?"

हॉल फुटला हसून. लॉजवाला म्हणाला, "सरांच्या गाडीले कंडक्टर सुतळीवानी पाह्यजे!" मोबाइलवाल्यानं टाळी दिली. हेडमास्तरांना तर ठसकाच लागला. मीही हसलो. हसावंच लागतं. पण कान तापले होते. घरी येऊन मी ती वाट मोजली. बाईचं बरोबर होतं. दोन मिलिमीटरची माफी धरूनही ती वाट मापात बसत नव्हती. मी, ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांची मापं काढली, माझ्याच गाडीत माणूस जायला जागा ठेवली नव्हती. मी छत बसवलं आणि गाडी कपाटावर टाकून दिली. कोणाला बोललो नाही. ताईंनाही नाही.

पुढच्या महिन्यात स्पर्धा होती. ताईंची बस तयार होती. खोक्यातून त्यांनी ती काढली आणि सगळ्यांच्या तोंडून एकदमच "अरे बाप्पा" निघालं. खिडक्यांचे गज बारीक तारेचे. मागच्या शिडीच्या पायऱ्या झिजून चकाकतात तशा चकाकवलेल्या. दरवाज्याजवळ पत्रा जिथं चेपलेला असतो तिथं तो चेपलेलाच केला होता. मला लगेच कळलं की आज तूर कुठं पडणार. आणि खरं सांगतो, मला ते आवडलं नाही. इतकंही मी कबूल केलं नाही तर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. मला त्या गाडीत चूक सापडायला हवी होती.

मी पट्टी लावली. मागचा बंपर एकवर ठेवला. पुढचा बंपर कुठं आला ते बघितलं. पंचेचाळीस.

खरी गाडी अकरा मीटर. पंचवीसनं भागा, चव्वेचाळीस यायला हवेत. पंचेचाळीस म्हणजे एक सेंटिमीटर जास्त, खऱ्या गाडीत वीतभर जास्त.

"बाद," मी म्हणालो.

"काऊन?" ताईंनी विचारलं.

"एक सेंटिमीटर लांब आहे."

"कशी राहीन लांब? मी सोता मोजून आणली ना सर. घरी चारदा पट्टी लावली. पुन्ना एकदा लावून पाहा."

"दुसऱ्यांदा लागत नाही. नियम आहे."

"अवो, पन एकदा..."

आणि मग माझी बोली सुटली. रागात माझा आयटीआयचा सर गळून पडतो. "पट्टी काई माणूस पाहून मोजते का? काडी आडवी धरून दुसऱ्याची गाडी मोजता येते, मंग सोताची काऊन नाही मोजत नीट?"

 माझं मलाही ऐकू आलं, की हे मी मागच्या महिन्याचं बोललो. ताई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांची नजर जरा बाजूला पडायची, त्यामुळे त्या नेमक्या कुठं बघताहेत ते कळायचं नाही. मग त्या एवढंच म्हणाल्या, "बरं."

मी त्यांची वाटी पालथी केली. लांबीत पडली की पुढची मापं घ्यायची नाहीत, म्हणून रुंदी-उंची मोजलीच नाही. लॉजवाला दाणे टाकत फिरत होता. ताईंच्या वाटीशी आला आणि एक दाणा त्यानं पालथ्या वाटीच्या बुडावर ठेवला. मी तो उचलून त्याच्या हातात परत दिला. जिंकलं ते एक ट्रॅक्टर. चांगलं होतं, पण तसं म्हणाल तर ट्रॅक्टरच.

संध्याकाळी मी घरी चहा पीत होतो. लॉजवाल्यानं क्लबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकले. मोजणी चालू असताना तो मोबाइल घेऊन फिरायचाच. ताईंच्या बसचा फोटो मी मोठा करून पाहिला, वाईट हेतूनंच, म्हटलं बघू कुठं वाढली ती. मागचा बंपर एकच्या रेघेवर. पुढचा पंचेचाळीसच्या रेघेवर.

पंचेचाळीस वजा एक.

मी कप खाली ठेवला. बायकोनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, साखर जास्त झाली.

मी वजा करायचं विसरलो होतो. माझ्या साऱ्या नोकरीत ज्या एका चुकीवर मी पोरांना बोललो, ती मी पंधरा माणसांसमोर केली होती आणि वर ताईंना सुनावलं होतं. तेव्हाच मी ग्रुपवर एक ओळ टाकायला हवी होती. "माझी चूक झाली, ताईंची गाडी बरोबर आहे." एवढंच टाकायचं होतं. मी ती ओळ टाइपही केली. मग मला हॉलमधलं हसणं आठवलं, सुतळीवानी कंडक्टर आठवला. आता काय म्हणतील? सर वजा करायचं विसरले! मी ओळ पुसली. ग्रुपचा ॲडमिन मीच. मी फोटोसुद्धा काढून टाकला.

लॉजवाल्याचा फोन आला. "सर, फोटो काऊन उडवला?"

"बाद झालेल्या वस्तूचा फोटो टाकायचा नाही. ताईंना वाईट वाटत असंन."

"हाव, हे बरोबर आहे," तो म्हणाला. त्याला माझं मोठेपणच वाटलं. मला त्या क्षणी माझी किळस आली, पण किळस येऊन काय उपयोग! फोन मी ठेवून दिला.

चार-पाच दिवस मी स्वतःला समजावत राहिलो. पुढच्या बैठकीत सांगू. नाहीतर एकटं गाठून सांगू. शेवटी एका सकाळी हिंमत करून ताईंना फोन लावला. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं. खरंच लिहून घेतलं होतं.

"ताई, गाडीबद्दल बोलायचं होतं..."

"हाव सर, मी बी तुमाले फोन करनारच होती," त्या उत्साहात म्हणाल्या. "गाडी खोलून राह्यली मी. एक बाजू काल काढली. सारे गज काढून ठेवले. आता खिडक्या जराजरा बारीक करतो, म्हणजे बसंन मापात."

मी कागद हातात धरून बसलो.

"एकच बाजू काढली का?" मी विचारलं.

"एकच. दुसरी आज काढतो."

म्हणजे अजून अर्धी गाडी उभी होती. तेव्हा बोललो असतो तर अर्धी वाचली असती. मी बोललो नाही. मी काय बोललो ते ऐका. मी म्हणालो, "मग पानठेला?"

"आंधी गाडी नीट करतो ना सर. चुकीची गाडी घेऊन पानठेल्यावर कशी थांबू? मंग करीन." आणि हसल्या. "तुमी सांगतलं ते बरंच झालं. रागावली होती मी तुमच्यावर, खोटं काऊन बोलू."

"सांभाळून करा," असं काहीतरी म्हणून मी फोन ठेवला. कागद फाडून टाकला. आता सांगितलं तर आणखी वाईट वाटेल त्यांना, एक बाजू तर काढलीच आहे, असं माझं मलाच पटवलं. माणूस स्वतःला काय काय पटवू शकतो याला काही माप नाही.

पुढच्या दोन बैठकांना ताई आल्या नाहीत. ग्रुपवर त्यांनी कळवलं की गाडीचं काम चालू आहे. मी बैठका चालवल्या. घड्याळ लावलं, पट्टी आपटली. कोणी मला माप विचारायला आलं की मी बोटावर वजाबाकी करून मगच आकडा सांगायचो. एकदा हेडमास्तर म्हणाले, "सर, तुमच्यामुळं क्लबाला शिस्त आहे," तेव्हा मी उठून नळावर तोंड धुऊन आलो.

तीन महिन्यांनी पुन्हा स्पर्धा. ताई आल्या. त्यांची नात त्यांना लॉजपर्यंत सोडून कामाला निघून गेली. जिना चढताना त्यांनी भिंतीवर हात ठेवला होता. पूर्वी ठेवत नसत. खोकं टेबलावर ठेवताना टेबलाची कड कुठं आहे ते त्यांनी आधी बोटांनी चाचपलं. मग गाडी काढली.

गाडी पूर्वीची नव्हती. डाव्या बाजूचा लाल रंग पिवळ्या पट्ट्यावर जरा सांडला होता. गज दोन-तीन ठिकाणी तिरके होते. शिडीची चकाकी तशीच होती, कारण शिडीला त्यांनी हात लावला नव्हता.  सगळ्यांना कळत होतं की हे त्यांनी कसं केलं असेल.

"मोजा सर," त्या म्हणाल्या. "आता बसली पाह्यजे."

मी पट्टी लावली. मागचा बंपर एकवर. पुढचा बंपर चव्वेचाळीसवर. वजा एक. त्रेचाळीस. त्यांनी बरोबर एक सेंटिमीटर कमी केला होता, माझ्या शब्दावर, एक केससुद्धा इकडेतिकडे नाही. आणि गाडी आता चुकीची होती.

सगळे माझ्याकडे बघून राहिले होते. ताई मान जरा वाकडी करून उभ्या होत्या, कान माझ्याकडे लावून.

"चव्वेचाळीस," मी म्हणालो. "बरोबर."

टाळ्या पडल्या. लॉजवाल्यानं त्यांच्या वाटीत तिन्ही दाणे टाकले, नियम मोडून, आणि मी काही बोललो नाही. जवळजवळ सगळ्यांनीच त्यांच्याच वाटीत टाकले. ताईंनी वाटीत बोटं घालून दाणे मोजले आणि लहान पोरीसारख्या हसल्या. गाडी काउंटरवर काचेच्या पेटीत गेली. चहा झाला. लॉजवाला म्हणाला, "सर, ताईले स्टँडवर सोडून द्या ना, रस्त्यानं गर्दी आहे."

म्हणून आम्ही दोघं निघालो. त्यांनी माझं कोपर धरलं होतं. रस्त्यात दर्शनाला आलेल्यांची गर्दी होती, प्रसादाची दुकानं, रिक्षावाले. ताई त्यातून अलगद चालत होत्या, बोलतही होत्या. आज त्यांना बोलायचं होतं.

"सर, एक सांगू? हासू नका. तुमी बाद म्हटलं ना, मी घरी जाऊन गाडी पुन्ना मोजली. चव्वेचाळीसच ये. चारदा मोजली. मंग नातीले मोजायले लावलं. ते बी म्हणे, आजी, चव्वेचाळीस. मी म्हटलं, तुले पट्टी धरता येत नाही. सरांची पट्टी चुकत असते का?" त्या थांबल्या. "मंग समजलं. मले आता आकडे बी बरोबर दिसत नाहीत. तवापासून मी माह्या डोळ्यावर भरवसा ठेवणं सोडून देल्लं. काही बी दिसलं तरी वाटते, हे असंच आहे का मले तसं दिसून राह्यलं? चहात माशी दिसली तरी नातीले विचारतो."

मी चालायचा थांबलो. गर्दी आम्हाला वळसा घालून जात होती.

"ताई," मी म्हणालो, "तुमचे डोळे बरोबर होते."

त्यांना कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं, तिथंच, रस्त्याच्या कडेला. पट्टीचं शून्य, एकपासून मोजणं, वजा करायचं विसरणं, फोटो, पुसलेली ओळ, त्या सकाळचा फोन. आजची गाडी त्रेचाळीस आहे, हेसुद्धा. एकही गोष्ट ठेवली नाही. बोलताना माझा आवाज असा झाला होता की एक रिक्षावाला वळून बघून गेला.

मला वाटलं त्या ओरडतील. मला ते हवंही होतं. भरल्या रस्त्यात त्यांनी मला दोन शिव्या हासडल्या असत्या तर मी खाली मान घालून घेतल्या असत्या.

"म्हणजे तवा मले बरोबर दिसत होतं?" त्यांनी विचारलं.

"हो, ताई."

"नातीले बी बरोबर दिसत होतं."

"हो."

क्षणभर त्यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला, खोटं सांगत नाही. तेवढ्यावरच त्या थांबल्या असत्या तर माझं नशीब. पण मग त्या आत हिशेब लावत गेल्या, महिने मागे मागे नेत, आणि चेहरा हळूहळू उतरत गेला. त्यांनी माझं कोपर सोडलं.

"त्या दिवशी फोन केला होता तुमी," त्या म्हणाल्या. "तवा मले बारीक तारेचं टोक दिसे. तवा सांगतलं असतं, त मी गाडी तशीच ठेवून पानठेल्याले बसली असती."

"मी करतो ताई पानठेला," मी घाईनं म्हणालो. "तुम्ही नुसतं सांगा, कुठं काय होतं. मी ड्रॉइंग काढतो. अगदी जसाच्या तसा."

"तुमी?" त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता, थट्टा नव्हती, त्यांनी नुसतं विचारून पाहिलं. "तुमी त त्याले पाह्यलंच नाही."

स्टँडवर त्यांची गाडी लागली होती. मी पुढे झालो. दारातल्या गर्दीतून वाट काढली आणि पायरीशी उभा राहून हात पुढे केला. ताईंनी चाचपत दांडा शोधला, पदर खोचला आणि आयुष्यभर चढल्या तशा स्वतःच्या स्वतः वर चढून गेल्या. माझा हात त्यांना दिसला नाही, की दिसूनही त्यांनी घेतला नाही, ते मला अजून कळलेलं नाही. विचारायला त्यानंतर त्या क्लबात आल्या नाहीत, आणि त्यांच्या घरी जायला मला तोंड नाही.